परवडणाऱ्या लॅपटॉपची पन्नास वर्षं

दहावी-बारावीचे निकाल लागले की नातेवाइकांचे आणि ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "पोराला लॅपटॉप घ्यायचाय. फार महागडा नको, रोजच्या वापराचा हवा. पण चांगला हवा हं! कोणता घेऊ?" संगणकाशी दूरचा का होईना संबंध असलेल्या प्रत्येक माणसाला हा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी विचारला जातोच.

प्रश्न साधा वाटतो. महाग नको, रोजच्या कामाचा हवा आणि चांगला हवा, एवढ्या तीनच अटी. पण गंमत म्हणजे या तीन अटी एकाच यंत्रात बसवायला जगाला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. त्यात नामवंत प्राध्यापक, बड्या कंपन्या, मंत्री, अगदी संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस अशी बरीच मंडळी कामाला लागली होती. त्यातले बहुतेक प्रयत्न फसले. ते कसे फसले हे पाहण्यासारखं आहे, कारण फसण्याचं कारण दरवेळी जवळपास एकच होतं.

किंमत खाली आणायची तर कुठेतरी कात्री लावावीच लागते. पडद्याला लावा, बॅटरीला लावा, वेगाला लावा नाहीतर टिकाऊपणाला. त्यात गैर काही नाही. खरा प्रश्न असा की कात्री कुठे लावायची हे ठरवतं कोण? वापरणारा, विकणारा, की फुकट वाटणारा? हा एक प्रश्न हातात धरून हा इतिहास वाचला तर बराच उलगडत जातो.

गोष्ट सुरू होते १९७२ साली. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ॲलन के नावाचा तरुण संशोधक होता. त्याने मुलांसाठीच्या संगणकावर एक निबंध लिहिला. यंत्र वहीएवढं असावं, वजन दोन किलोच्या आत असावं आणि किंमत पाचशे डॉलरच्या आसपास असावी, अशी त्याची कल्पना. नाव ठेवलं 'डायनाबुक'. संगणक म्हणजे कपाटाएवढी वस्तू, असा तो काळ. त्यामुळे हे लिहिणं म्हणजे जवळजवळ विज्ञानकथाच होती. पण दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, आज ज्याला आपण लॅपटॉप म्हणतो त्याची पहिली कल्पना साहेब लोकांसाठी नव्हती, मुलांसाठी होती, आणि स्वस्त होती. दुसरी म्हणजे, मुलांनी त्यावर नुसतं वाचावं-पाहावं असं के यांना वाटत नव्हतं. मुलांनी लिहावं, चित्रं काढावीत, स्वतः प्रोग्रॅम करावेत, म्हणजे काहीतरी *घडवावं*, असं त्यांना वाटत होतं.

प्रत्यक्षात जे आलं ते निराळंच. १९८१ साली आलेला ऑसबोर्न-१ 'सोबत नेता येणारा' म्हणून गाजला. वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंचांचा आणि किंमत १,७९५ डॉलर. तो मांडीवर घेण्यापेक्षा गव्हाची पिशवी घेतलेली परवडली! १९८२ साली ग्रिड कंपास आला. झाकण उघडलं की पडदा वर येणारा, आजच्या लॅपटॉपचा खरा पूर्वज. देखणा होता, पण किंमत ८,१५० डॉलर. तो अंतराळयानातही गेला, सामान्य माणसाच्या घरी मात्र कधी गेला नाही.

या सगळ्यात मला मनापासून आवडणारं यंत्र म्हणजे १९८३ सालचं टीआरएस-८० मॉडेल १००. जपानच्या क्योसेरा कंपनीने बनवलेलं आणि अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांतून विकलं गेलेलं. पडद्यावर फक्त आठ ओळी, एका ओळीत चाळीस अक्षरं. पण कळफलक उत्तम, आणि साध्या चार पेन्सिल सेलवर ते वीसेक तास चालायचं. बातमीदारांनी ते डोक्यावर घेतलं. सामना बघा, तिथेच बसून बातमी टंका आणि टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत पाठवा. इथे कात्री जबर लागली होती (पडद्याची तर पट्टीच उरली होती), पण जे काम करायचं त्याला धक्का लागला नव्हता. लिहिणाऱ्या माणसाला काय लागतं, हे कुणीतरी नीट विचारलं होतं. एवढी साधी गोष्ट पुढच्या तीस वर्षांत वारंवार विसरली गेली.

कारण पुढे लॅपटॉप ही प्रतिष्ठेची वस्तू झाली. १९९२ साली आयबीएमचा थिंकपॅड ७००सी आला तो ४,३५० डॉलरला. तेव्हाच्या डॉलरच्या भावाने, कर न धरताच, लाखाच्या वर! आपल्याकडे नव्वदच्या दशकात लॅपटॉप दिसायचा तो विमानातून फिरणाऱ्या साहेबाच्या मांडीवर किंवा जाहिरातीत.

हा महागपणा उगाच नव्हता. टेबलावरच्या संगणकाचे सुटे भाग कुठल्याही गल्लीतला माणूस जुळवू शकतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हजारोंनी जुळवले गेले. लॅपटॉपचं तसं नाही. तिथे सगळं एकमेकांत घट्ट बसवावं लागतं, उष्णता बाहेर काढावी लागते, वीज जपून वापरावी लागते. आणि सगळ्यात महाग भाग म्हणजे सपाट पडदा. तो काचेच्या मोठ्या तावावर बनतो आणि तावात दोष निघाला की माल वाया. जपान, मग कोरिया, मग तैवान असे पडद्यांचे कारखाने वाढत गेले, टेबलावरचे मॉनिटर आणि टीव्हीही सपाट झाले, तेव्हा कुठे त्याचा भाव उतरू लागला. दरम्यान लॅपटॉपची जुळणीही बहुतांशी तैवानी कंपन्यांच्या हातात गेली. आपल्याकडे आणखी एक अडसर होता, आयात शुल्काचा. १९९७ साली माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकावरचं शुल्क शून्यावर आलं. म्हणजे २००५ च्या सुमाराला रंगमंच तयार होता. फक्त पडदा वर जायचा होता.

पण त्याआधी आपल्याच देशात एक धाडसी प्रयोग झाला, त्याला वगळून चालणार नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एन्कोअर ही कंपनी यांनी मिळून 'सिम्प्युटर' बनवला. २००१ साली त्याचा नमुना जगासमोर आला. हा लॅपटॉप नव्हे. हातात मावणारा, काडीने टोचून चालवायचा छोटा संगणक. लिनक्सवर चालणारा आणि भारतीय भाषांत मजकूर बोलून दाखवणारा. त्यातली सर्वांत सुंदर कल्पना म्हणजे स्मार्ट कार्ड. गावात यंत्र एकच, पण प्रत्येकाकडे आपलं कार्ड. कार्ड घातलं की यंत्र तुमचं. किंमत नऊ हजारांच्या आसपास असावी असा हिशेब होता. परदेशी वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं. २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या मदतीने 'अमिडा' या नावाने तो बाजारात आला तेव्हा रंगीत पडद्याच्या मॉडेलची किंमत वीस हजारांच्या घरात गेली होती. एवढ्यात टेबलावरचा अख्खा संगणक येत होता. २००५ साली तर एचसीएलने ९,९९० रुपयांत डेस्कटॉप आणला. सिम्प्युटर काही हजारांच्या पुढे खपला नाही.

कल्पना चांगली, माणसं हुशार, हेतू निर्मळ. मग घोडं कुठे अडलं? मला वाटतं, हे यंत्र 'गावातल्या माणसासाठी' बनवलं होतं, पण गावातल्या माणसाने ते मागितलं नव्हतं. त्याला हवा होता फोन. आणि तो येऊ घातलाच होता.

याच वेळी अमेरिकेत निकोलस नेग्रोपाँटी हे एमआयटीचे प्राध्यापक एक घोषणा घेऊन उभे राहिले, शंभर डॉलरचा लॅपटॉप. २००५ च्या जानेवारीत दावोसला त्यांनी ती मांडली आणि नोव्हेंबरमध्ये ट्युनिस इथल्या परिषदेत कोफी अन्नान यांच्यासोबत नमुनाही दाखवला. हिरवं यंत्र, बाजूला वीज निर्माण करायला पिवळा दांडा, जुन्या शिवणयंत्राच्या हँडलसारखा. तो दांडा तिथेच हातात आला, हा किस्सा पुढे बराच चघळला गेला. अंतिम यंत्रात दांडा नव्हता.

थट्टा बाजूला ठेवून एक सांगायला हवं. 'एक्सओ' नावाचं जे यंत्र शेवटी बनलं ते अभियांत्रिकीचा अस्सल नमुना होतं. मेरी लू जेप्सेन यांनी रचलेला त्याचा पडदा भर उन्हात वाचता यायचा. आत पंखा नाही, फिरणारी डिस्क नाही, धूळ-पाणी शिरू नये म्हणून रबरी कळफलक. वीज अगदी कमी खायचं. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, १ जीबी साठवण. ॲलन के यांचं डायनाबुक पस्तीस वर्षांनी जन्माला आलं असं म्हणायला हरकत नव्हती (स्वतः केसुद्धा या प्रकल्पाशी जोडलेले होते). फक्त किंमत शंभर नव्हती. २००७ च्या अखेरीला ती १८८ डॉलरपर्यंत गेली होती.

आणि विकण्याची पद्धत? दुकानात जाऊन घेता येत नव्हता. सरकारांनी लाखांच्या संख्येत घ्यायचा आणि मुलांना वाटायचा. आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली नकार दिला. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने हा प्रयोग संशयास्पद आहे, आपल्याला आधी वर्ग आणि शिक्षक हवेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. तेव्हा अनेकांना तो सरकारी आडमुठेपणा वाटला. पण पुढे काय झालं पाहा. पेरूने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले, आणि २०१२ साली आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासाने सांगितलं की गणितात आणि भाषेत मुलांची काही प्रगती दिसत नाही. उलट छोट्या उरुग्वेने यंत्रांबरोबर इंटरनेट, दुरुस्तीची सोय, शिक्षकांचं प्रशिक्षण असं सगळं उभं केलं आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात लॅपटॉप दिला. ती योजना टिकली. यंत्र तेच होतं, फरक यंत्राभोवतीच्या माणसांत होता.

महाराष्ट्राचाही या कथेत छोटासा वाटा आहे. २००७ च्या शेवटाला भारतातला एक्सओचा पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळ खैराटच्या धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत झाला. वीसेक मुलं. दिल्लीने नाही म्हटलेलं यंत्र सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाडीत मात्र पोचलं होतं. तिथून ते राज्यभर काही गेलं नाही.

आणि आता खरी गंमत. शंभर डॉलरच्या लॅपटॉपने गरीब मुलांचं जग बदललं की नाही यावर वाद घालता येईल, पण त्याने बाजार मात्र बदलला. "एवढ्या कमी किमतीत हे करता येतं?" ही शंका एकदा मनात शिरली की जात नाही. तैवानच्या असूस कंपनीने २००७ च्या जूनमध्ये १९९ डॉलरचा लॅपटॉप आणू असं जाहीर केलं आणि ऑक्टोबरमध्ये ईई पीसी ७०१ बाजारात आणला. किंमत वाढून अमेरिकेत ३९९ डॉलर झाली होती, पण लोकांनी रांगा लावल्या.

काय होतं त्यात? सात इंचांचा पडदा, छोट्या डीव्हीडी प्लेअरला लागायचा त्या मापाचा. ४ जीबी साठवण, ५१२ एमबी मेमरी, जुन्या धाटणीचा सेलेरॉन प्रोसेसर तोही वेग उतरवलेला. वजन ९२० ग्रॅम. विंडोजचा खर्च वाचवायला लिनक्स, त्यावर मोठमोठी चित्रं: इंटरनेट, काम, खेळ. बटण दाबलं की अर्ध्या मिनिटाच्या आत तयार. तज्ज्ञांनी नाकं मुरडली. पण ज्यांना ई-मेल बघायचा होता, चार ओळी लिहायच्या होत्या, प्रवासात सोबत न्यायचा होता, त्यांना तो *पुरत* होता. पहिल्या काही महिन्यांतच तो लाखांनी खपला. आपल्याकडे २००८ च्या जानेवारीत एचसीएलने मायलीप आणला, १३,९९० रुपयांपासून. लॅपटॉप चौदा हजारांत! मध्यमवर्गीय घरात पहिल्यांदाच 'घेऊ या का?' हा प्रश्न गंभीरपणे विचारला गेला.

हा क्षण महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. इतकी वर्षं संगणकाचा धंदा एका गृहीतावर चालला होता: गेल्या वर्षीचा पुरत नाही, यंदाचा घ्या. नेटबुकने (हे नाव एव्हाना रुळलं होतं) लाखो गिऱ्हाइकांकरवी सांगितलं की नाही, मला एवढं पुरतं. धंद्याला याहून भीतिदायक वाक्य नसेल!

मग कंपन्यांनी काय केलं, हे बघण्यासारखं आहे. इंटेलने २००८ साली ॲटम नावाचा खास स्वस्त, कमी वीज खाणारा प्रोसेसर आणला (आणि त्याच्यासोबत इतकी जुनी चिप दिली की प्रोसेसरपेक्षा तीच जास्त वीज खायची). मायक्रोसॉफ्टची अडचण वेगळी होती. त्यांचं नवं व्हिस्टा या यंत्रांवर चालणं शक्य नव्हतं, आणि जुन्या एक्सपीची विक्री तर ते बंद करायला निघाले होते. लिनक्स हातपाय पसरतंय असं दिसताच त्यांनी एक्सपीला फक्त स्वस्त यंत्रांपुरतं २०१० पर्यंत जीवदान दिलं. पण अटी घालून: मेमरी एक जीबीपेक्षा जास्त नको, पडदा ठरावीक मापापेक्षा मोठा नको. थोडक्यात, यंत्र फार चांगलं झालं तर स्वस्तातलं विंडोज मिळणार नाही! २००९ साली आलेल्या विंडोज ७ च्या 'स्टार्टर' आवृत्तीने कहर केला. तिच्यात डेस्कटॉपवरचं चित्रसुद्धा बदलता येत नव्हतं. आधी तर एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालतील असं बंधन घालायचा बेत होता, तो ओरड झाल्यावर मागे घेतला.

चित्र बदलू न देण्यात कुठला खर्च वाचत होता? एक पैसाही नाही. ही कात्री किंमत कमी करायला लावलेली नव्हती, गिऱ्हाइकाला त्याची पायरी दाखवायला लावलेली होती. "स्वस्तातला घेतलास ना, मग आठवण राहू दे."

मराठी माणसाला यात आणखी एक त्रास होता. एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसायला आणि लिहायला भारतीय भाषांची सोय वेगळी बसवावी लागे आणि त्यासाठी बहुतेक वेळा मूळ सीडी मागितली जाई. नेटबुकला सीडीचा कप्पाच नव्हता! ज्या काळात मराठी माणसं युनिकोडमध्ये लिहायला शिकत होती, मनोगतासारख्या संकेतस्थळांवर लिहिती होत होती, त्याच काळातलं सर्वांत परवडणारं यंत्र वेलांट्या-जोडाक्षरांशी असं झगडायला लावत होतं. कात्री लावणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हा वापरणारा नव्हताच.

असो. नेटबुक पुढे मोठे झाले, दहा इंचांचे, मग अकरा इंचांचे, डिस्क आली, विंडोज आलं, किंमत चढली आणि वेग तेवढाच राहिला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. २०१० च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी आयपॅड दाखवताना नेटबुक कुठल्याच बाबतीत सरस नाही असं म्हणून त्याची बोळवण केली, आणि दोन-तीन वर्षांत मोठ्या कंपन्यांनी ते बनवणं थांबवलं.

इकडे आपल्या सरकारला स्वस्त संगणकाचं वेड उशिरा पण जोरात लागलं. २००९ च्या फेब्रुवारीत तिरुपतीला दहा डॉलरचा लॅपटॉप दाखवणार म्हणून गाजावाजा झाला. जगभरचे बातमीदार डोळे लावून बसले. पेटीतून निघालं ते माहिती साठवायचं उपकरण, लॅपटॉप नव्हेच. मग २०१० साली कपिल सिब्बल यांनी ३५ डॉलरच्या टॅब्लेटचा नमुना दाखवला आणि ५ ऑक्टोबर २०११ ला 'आकाश' अवतरला. सरकारी खरेदीची किंमत २,२७६ रुपये. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, जोरात दाबल्याशिवाय न ऐकणारा पडदा. वापरणारे वैतागले. पुढे काम आयआयटी मुंबईकडे गेलं, प्राध्यापक दीपक फाटक यांच्या चमूने बरंच निस्तरलं, २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये सुधारित आकाश आलाही. पण तोवर बाजारात खासगी कंपन्यांचे टॅब्लेट आणि स्मार्टफोन त्याच्या पुढे निघून गेले होते. इथे कात्री कुठे लागली हे सांगायला नको. आधी आकडा ठरला, मग त्या आकड्यात जे मावेल ते यंत्र.

याउलट राज्यांच्या राजकारण्यांना लोकांची नाडी बरोबर कळली होती. २०११ पासून तामिळनाडूने आणि २०१३ साली उत्तर प्रदेशने विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले ते नेहमीचे, पूर्ण लॅपटॉप. उत्तर प्रदेशातल्या यंत्राची सरकारला पडलेली किंमत एकोणीस हजारांच्या आसपास होती. (त्यांच्या डेस्कटॉपवर मुख्यमंत्र्यांचा आणि त्यांच्या वडिलांचा फोटो होता. चित्र बदलू न देण्याची हौस फक्त परदेशी कंपन्यांनाच असते असं नाही. :-)) फुकट वाटण्याबद्दल मतं वेगळी असू शकतात. पण गरिबाच्या मुलाला 'गरिबाचा संगणक' नको असतो, शेजारच्या मुलाकडे आहे तसाच हवा असतो, हे त्यांनी ओळखलं.

यानंतरच्या स्वस्त यंत्रांचा इतिहास भराभर सांगतो. २०१४ ते २०१८ च्या सुमाराला दहा-पंधरा हजारांचे छोटे विंडोज लॅपटॉप आले. २ जीबी मेमरी, ३२ जीबी साठवण, दोन्ही बोर्डावर चिकटवलेलं, वाढवायची सोय नाही. विंडोजनेच निम्मी जागा खाल्लेली, पुढचं अद्यतन उतरवायला जागा नाही. गूगलचे क्रोमबुक २०११ साली आले. ते चपळ होते, पण प्रत्येक मॉडेलला अद्यतनं मिळण्याची शेवटची तारीख ठरलेली. यंत्र ठणठणीत असलं तरी मुदत संपली की सुरक्षेची अद्यतनं बंद. अमेरिकेतल्या शाळांतून ओरड झाल्यावर २०२३ साली ही मुदत दहा वर्षांवर नेली. म्हणजे पडदा आणि प्रोसेसर संपले, आता कात्री *आयुष्यालाच* लागली होती. खोक्यावरच्या माहितीत ही कात्री ठळकपणे दिसत नाही.

आणि या सगळ्या काळात बहुसंख्य भारतीयांच्या घरात लॅपटॉप आलाच नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) ग्रामीण भागातल्या ४.४ टक्के आणि शहरांतल्या २३.४ टक्के घरांत संगणक होता. आणि या 'संगणका'त टॅब्लेटही धरलेला! दोनच वर्षांनी, २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि शाळा ऑनलाइन झाल्या, तेव्हा या आकड्यांचा अर्थ घराघरांत कळला. घरात फोन एक, तो बाबांचा, ते कामावरून आल्यावर भावंडांनी पाळीपाळीने वापरायचा.

"मग काय झालं, फोन आहे ना!" असं कुणी म्हणेल. फोनने खूप दिलं, हे खरंच. गावातला माणूस संगणकाच्या युगात आला तो फोनमुळेच, सिम्प्युटरवाल्यांनी पाहिलेलं अर्धं स्वप्न फोननेच पुरं केलं. पण फोनवर दहा पानांचा अहवाल लिहून बघा. शंभर ओळींचा हिशेब जुळवून बघा. प्रोग्रॅमिंग शिकून बघा. जमतं, पण दुधाची तहान ताकावर भागवल्यासारखं. फोन तुम्हाला वाचक, प्रेक्षक, गिऱ्हाईक करतो. लिहिणारा, मांडणारा, घडवणारा व्हायला अजूनही कळफलक आणि बऱ्यापैकी पडदा लागतो. ॲलन के यांनी १९७२ साली हाच फरक मनात धरला होता. स्वस्त लॅपटॉप मिळणं न मिळणं हा म्हणून निव्वळ खरेदीचा प्रश्न नाही. कोणत्या घरातलं मूल कुठल्या बाजूला बसणार, याचा आहे.

मग त्या तीन अटी पुऱ्या करणारा लॅपटॉप शेवटी कुणी बनवला? माझं उत्तर थोडं विचित्र वाटेल. कुणीच बनवला नाही. तो काळाने बनवला.

मोठ्या कंपन्या आपल्या नोकरदारांसाठी हजारोंनी चांगले लॅपटॉप घेतात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक या जातीचे. मजबूत सांगाडा, उत्तम कळफलक, बऱ्याच मॉडेलांत बॅटरी-डिस्क-मेमरी बदलता येण्याजोगी. तीन-चार वर्षांनी हिशेबाच्या नियमाने ते गठ्ठ्याने बाहेर पडतात आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत दुरुस्त होऊन विकले जातात. या यंत्रांना बनवताना कुणी 'गरिबांसाठी' कात्री लावलेली नसते. कमी झालेली असते ती फक्त नवलाई. आणि प्रोसेसर दहा वर्षांपूर्वीच इतके पुढे गेलेत की लिहिणं, वाचणं, हिशेब, इंटरनेट, व्हिडिओवरून तास या कामांना चार-पाच वर्षांचं यंत्र सहज पुरतं. ८ जीबी मेमरी आणि फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी एवढं असलं की रोजच्या वापरात फार काही अडत नाही. घेताना बिजागऱ्या हलवून बघाव्यात, बॅटरी किती टिकते ते थांबून बघावं, कळफलकाची प्रत्येक कळ दाबून बघावी, बायोसला कुणा जुन्या कचेरीचा पासवर्ड नाही ना हे पाहावं, आणि पावती व थोडी तरी हमी घ्यावी.

इथेही कात्री पाठ सोडत नाही. २०२१ साली आलेलं विंडोज ११ अधिकृतपणे साधारण २०१७ नंतरच्याच प्रोसेसरवर चालतं (इंटेल असेल तर आठवी पिढी किंवा पुढची), आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. त्यामुळे कित्येक चांगली यंत्रं एका तारखेने म्हातारी ठरली. अशा यंत्रावर लिनक्स टाकलं तर ती आणखी काही वर्षं सुखाने चालतात. आणि आता देवनागरीसाठी सीडी शोधावी लागत नाही, हेही नसे थोडके.

पन्नास वर्षांच्या या खटाटोपातून मला एवढंच दिसतं. ज्यांनी "लोकांना किती कमी देऊन चालेल?" असं विचारलं ते फसले, मग ती कंपनी असो की सरकार. ज्यांनी "या माणसाला नेमकं कशासाठी हवंय?" असं विचारलं त्यांची यंत्रं टिकली, आठ ओळींचा पडदा असूनही टिकली. 'कमी' आणि 'पुरेसं' हे दोन शब्द किमतीच्या पाटीवर सारखेच दिसतात. पण कमी किती द्यायचं ते दुसरा कुणीतरी ठरवतो. पुरेसं काय ते ठरवायचा हक्क वापरणाऱ्याचा असतो, आणि तो त्याने बजावला नाही तर दुकानदार आनंदाने त्याच्या वतीने बजावतो.